‘केस कापून या, नाहीतर वर्गात बसू नका’: मुलाच्या लांब केसांवरून शाळेशी कसं बोलायचं, काय लिहायचं, कुठे जायचं

मागच्या जुलैतली गोष्ट, सोमवार दुपार, मी ऑफिसात जीएसटीच्या कागदांत बुडालेली आणि वहिनीचा फोन, नुसती रडतेय. भाच्याला प्रेयरच्या लाइनमधून बाहेर काढून पीटीच्या सरांनी अख्खा पहिला पिरियड स्टेजच्या बाजूला उभं केलं होतं, का तर केस कॉलरला टेकत होते. आठवीतला पोरगा. डायरीत लाल पेनने लिहून आलं, ‘कल तक बाल कटवाकर भेजें, अन्यथा कक्षा में नहीं बैठने दिया जाएगा।’ वहिनी म्हणाली, संध्याकाळी सलूनमध्ये नेते आणि विषय संपवते. मी म्हटलं थांब, आधी त्या पानाचा फोटो काढून पाठव.

मी वकील नाही हे आधीच सांगते. इंदौरमध्येच एका सीएच्या ऑफिसात बसते आणि दिवसभर डिपार्टमेंटच्या नोटिसांना उत्तरं लिहिते. त्या कामात एक सवय लागते, नोटीस आली की पहिला प्रश्न हाच की कुठल्या सेक्शनखाली आली आहे. सेक्शन नसेल तर घाबरायचं कशाला. शाळेच्या केसांच्या नियमालाही मी तोच प्रश्न विचारला आणि खरं सांगते, अर्धी लढाई त्यातच झाली. बाकी जे केलं, जे चुकलं, आणि नंतर वाचून-विचारून जे कळलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय, कारण आमच्या सुदामा नगरातच तीन घरांतून मला विचारणा झाली.

सगळ्यात आधी घरात बसा

शाळेत जायच्या आधी पोराला एकट्याला विचारा की केस का हवेत आणि किती हवेत. हे टाळू नका. पत्र तुम्ही लिहाल पण रोज सकाळी त्या गेटमधून आत जायचंय त्याला, टोमणे ऐकायचेत त्याला. तो दोन दिवसांत कंटाळणार असेल तर तुमचं भांडण तुमच्या हौसेचं आहे, त्याचं नाही. आमच्याकडे दादाने आयडिया काढली की सांगून टाकू, कॅन्सर पेशंटला डोनेट करायला वाढवतोय. भाचा म्हणाला, ‘खोटं का सांगू आत्या, मला आवडतात म्हणून ठेवलेत.’ बरं झालं तो बोलला. खोटं कारण दिलं की पुढच्या मीटिंगला कोणीतरी संस्थेचं लेटर मागतं, आणि मग केसांचा मुद्दा राहतो बाजूला, तुम्ही खोटारडे ठरता.

कारण खरंच वेगळं असेल तर मात्र ते स्पष्ट लिहा, कारण प्रत्येक कारणाचं वजन सारखं नसतं. डोनेशनसाठी वाढवत असेल तर बहुतेक ठिकाणी निदान बारा इंच लागतात, केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे दोन वर्षं धरा. शाळेला अशी ठरावीक मुदत दाखवली की हो म्हणणं सोपं जातं. नवस असेल, शेंडी असेल, तर तसं लिहा, संविधानाचं पंचविसावं कलम धर्माच्या आचरणाबद्दल आहे. शीख घरातला मुलगा असेल तर केश हा श्रद्धेचाच भाग, तिथे वाद घालायलाही कोणी धजत नाही. डोक्याच्या त्वचेचा काही त्रास असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जोडा. आणि मूल जर स्वतःला मुलगा समजतच नसेल, किंवा त्याबद्दल त्याच्या मनात काही चाललं असेल, तर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, तो शिक्षणसंस्थांना भेदभाव करायला मनाई करतो आणि खाजगी शाळाही त्यातून सुटत नाही. पण हे कारण मुलाच्या परवानगीशिवाय एका ओळीतही लिहू नका. त्याने हो म्हटलं तरी ते फक्त प्रिन्सिपलपर्यंत, क्लास टीचरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत नाही.

‘आवडतात म्हणून’ हे कारण कोर्टात सगळ्यात हलकं पडेल हे मान्य. पण शाळेशी बोलायला ते पुरतं.

आजी-आजोबांनाही याच वेळी बसवून सांगा, नाहीतर तुम्ही पत्र लिहीत असता आणि आजोबा शेजारच्यांसमोर म्हणत असतात, बरोबर आहे शाळेचं. आमच्या बाबांनी आठ दिवस अबोला धरला. आई मात्र खूष, तिला नात नाही, रविवारी तेल घालायला एक डोकं मिळालं.

नियम कुठे लिहिलाय ते शोधा

ही खरी पायरी. स्कूल डायरीची पहिली पानं, प्रॉस्पेक्टस, शाळेची वेबसाइट, आणि ॲडमिशनच्या वेळी तुम्ही न वाचता सही केलेला फॉर्म, या चार जागा. सही केलेला फॉर्म सगळ्यात महत्त्वाचा कारण शाळा पहिल्यांदा तोच पुढे करणार, ‘आपने साइन किया है.’ तुमच्याकडे कॉपी नसेल तर ऑफिसातून मागा.

आम्ही रात्री जेवणं झाल्यावर डायरी उघडून बसलो. एकोणीस नियम होते. नेलपॉलिश नको, मोबाइल नको, मेहंदी नको, आणि अकराव्या नंबरला एकच वाक्य की मुलांचा हेअरकट नीटनेटका असावा. बस. लांबी नाही, कॉलर नाही, कान नाही, आणि वर्गात बसू न देण्याबद्दल तर एक अक्षर नाही. म्हणजे कॉलरचा नियम राहत होता फक्त पीटी सरांच्या तोंडात.

‘नीटनेटका’ म्हणजे काय, यावर न्यूझीलंडमध्ये एक केस झालीय, २०१४ सालची. हेस्टिंग्ज गावातल्या एका शाळेने कुरळे केस असलेल्या एका मुलाला सस्पेंड केलं होतं, तो म्हणत होता मी अंबाडा बांधून येतो, शाळा म्हणाली नाही, कापच. हायकोर्टाने सस्पेन्शन बेकायदेशीर ठरवलं, आणि केसांचा नियमच इतका मोघम आहे की मुलाने नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही असंही सांगितलं. तिकडचा निकाल आपल्याकडे लागू होत नाही हे उघड आहे, पण विचार करायची दिशा तीच. शाळा जेव्हा म्हणते नियम आहे, तेव्हा आहे की नाही यावर नका भांडू, तो काय म्हणतो ते वाचून दाखवा.

आणि नियम स्पष्ट लिहिलेला असला, ‘केस कॉलरच्या वर हवेत’ असा, तर? तर तुमचं काम बदलतं, तुम्ही नियम मोडत नाही, सवलत मागताय. पत्राचा सूर त्याप्रमाणे ठेवा. बांधल्यावर केस कॉलरच्या वरच राहतात हे पहिल्याच ओळीत लिहा.

शाळा कुठली, मूल कितवीत

कायद्याचा कुठला भाग तुमच्या कामाचा हे या दोन गोष्टींवर ठरतं, आणि लोक इथेच गडबड करतात.

सरकारी शाळा किंवा केंद्रीय विद्यालय असेल तर ती ‘राज्य’ आहे, म्हणजे संविधानातले मूलभूत हक्क तिच्याविरुद्ध थेट मागता येतात, कलम १४ समानतेचं, कलम १५ लिंगावरून भेदभाव न करण्याचं, कलम २१ जगण्याचं आणि स्वातंत्र्याचं. मुलींना दोन वेण्या चालतात आणि मुलाला एक पोनी चालत नाही, हा कलम १५ चा मुद्दा. २०१४ च्या नाल्सा निकालात, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या निकालात, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पेहराव, बोलणं, वागणं यातून आपली लिंग-ओळख व्यक्त करणं हे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येतं, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

खाजगी शाळा असेल तर हे सगळं तिच्यावर थेट चालत नाही. तिथे कामाला येतो आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, आणि कलम १६ सांगतं की आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे सातवीतल्या मुलाच्या आईला कोणी ‘टीसी ले जाइए’ म्हणत असेल तर शांतपणे म्हणायचं, हे मला लिहून द्या. लिहून कोणी देत नाही.

पण कॉन्व्हेंट किंवा कुठलीही अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर थांबा. २०१४ च्या प्रमती निकालाने आरटीई अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरवलं. इंदौरमध्ये आपल्या मराठी घरांतली निम्मी पोरं कॉन्व्हेंटलाच, आणि आया तिथे जाऊन आरटीई आरटीई करतात, समोरची सिस्टर हसते. तिथे बाल न्याय कायदा, २०१५ चा, कलम ७५ पकडा, ते अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना आहे आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण मानसिक किंवा शारीरिक त्रास दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मात्र लाल पेनच्या शेऱ्याला वापरायचं नसतं. मुलाला सगळ्यांसमोर कात्री लावली, मारलं, तासन्‌तास उन्हात उभं केलं, तेव्हा.

नववीपासून आरटीई संपतो, आणि तिथे वेगळी काळजी. सीबीएसईला दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. म्हणून भांडण चालू असताना मुलाला घरी ठेवू नका, एक दिवसही. रोज पाठवा. गेटवरून परत पाठवलं तर त्याच वेळी शाळेला ईमेल करा की आज इतक्या वाजता मुलगा शाळेत आला होता आणि त्याला आत घेतलं नाही, ही गैरहजेरी धरू नये.

एक वही करा

साधी वही, शंभर पानी. तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं, कोणासमोर. शब्द जसेच्या तसे, हिंदीत तर हिंदीत. ‘सरांनी अपमान केला’ असं लिहू नका, ‘सर बोले, लड़की है क्या, चोटी बना ले’ असं लिहा. डायरीच्या प्रत्येक शेऱ्याचा फोटो, कारण डायरी शाळा जमाही करून घेते. फोनवर काही बोलणं झालं तर संध्याकाळी एक छोटा ईमेल टाका, ‘आज आपल्याशी फोनवर असं बोलणं झालं, काही चुकलं असेल तर कळवावं.’ आमच्या ऑफिसातली ही जुनी युक्ती. समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडे त्या तारखेचा कागद राहतो.

पत्र

माझा पहिला ड्राफ्ट चार पानी होता, त्यात संविधान, शिवाजी महाराज, तुकाराम महाराज, सगळे होते. दादाने वाचून म्हटलं हे प्रिन्सिपलला पाठवतेयस की वक्तृत्व स्पर्धेला. फाडला. शेवटी जे गेलं ते एक पानाचं, हिंदीत, आणि ते साधारण असं होतं, इथे मराठीत देतेय, तुम्ही तुमच्या शाळेच्या भाषेत करून घ्या:

‘माननीय प्राचार्य महोदया, दिनांक अमुक रोजी माझ्या मुलाच्या डायरीत पुढील सूचना आली आहे (इथे सूचना शब्दशः). या संदर्भात नम्र विनंती की, ही सूचना शाळेच्या ज्या लेखी नियमाखाली दिली त्याची प्रत मिळावी. त्या नियमात केसांची लांबी किती सांगितली आहे आणि तो मुलगे व मुली दोघांना सारखाच आहे का, तेही कळावं. केसांवरून मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची तरतूद कुठे आहे, ते दाखवावं. आमच्या बाजूने आम्ही लिहून देतो की मुलाचे केस स्वच्छ असतील, काळ्या रबरने घट्ट मागे बांधलेले असतील, कपाळावर, डोळ्यांवर किंवा कॉलरच्या खाली येणार नाहीत, आणि लॅब व खेळाच्या तासाला शिक्षक सांगतील ती काळजी घेतली जाईल. उत्तर मिळेपर्यंत त्याला वर्गातून वगळू नये. भेटीसाठी वेळ द्यावी.’

धमकी नाही, वकिलाचं नाव नाही, कायद्याचं कलमसुद्धा नाही. ते पुढच्या पत्रासाठी ठेवायचं असतं. सही आई-बाबा दोघांची, एकट्या आईची असली की ‘पापा से बात कराइए’ सुरू होतं. दोन कॉपी घेऊन जा, एकीवर ऑफिसचा रिसीव्हड स्टॅम्प आणि तारीख. क्लार्क स्टॅम्प देत नसेल तर तिथेच वाद नका घालू, बाहेर येऊन स्पीड पोस्टने टाका आणि ईमेलही करा.

मीटिंग

चार दिवसांनी बोलावलं. मी, वहिनी आणि भाचा. दादाला मुद्दाम नेलं नाही, तो पटकन चिडतो.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पहिल्यांदा शिस्तीचं सांगितलं, मग उवा, मग दुसरी मुलं पण वाढवतील, आणि शेवटी हळू आवाजात जे खरं कारण होतं ते, ‘लड़कियों जैसा लगता है, बच्चे चिढ़ाते हैं.’ मी ठरवून गेले होते की प्रत्येक गोष्टीला भाषण द्यायचं नाही. उवांचं एवढंच म्हटलं की उवा डोक्याला डोकं लागून पसरतात, केस किती लांब त्याने काही होत नाही, आणि ज्या वर्गात पंधरा मुलींचे केस कमरेपर्यंत आहेत तिथे एका मुलाच्या केसांनी काय वाढणार. चिडवण्याचं म्हटलं, मॅडम, चिडवणाऱ्यांची नावं आम्ही देतो. त्यावर त्या गप्प.

मग मी भाच्याला म्हटलं, दाखव रे बांधून. त्याने मनगटावरचं काळं रबर काढलं, दातात धरलं, दोन्ही हातांनी केस मागे ओढले, पीळ दिला, एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि उरलेलं टोक आत खोचलं. सगळं मिळून दहा सेकंद. मॅडमनी चष्मा लावला. ‘पीछे घूमो.’ तो फिरला. कॉलर आणि केस यांच्यामध्ये दोन बोटं जागा. मॅडम बराच वेळ त्या जागेकडे बघत होत्या, पंख्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मग म्हणाल्या, ‘रोज़ ऐसे ही आएगा?’

म्हणून सांगते, मीटिंगला मुलाला न्या आणि केस बांधायची प्रॅक्टिस करून न्या. कलम १५ वर मी अर्धा तास बोलले असते तरी ती दोन बोटं जागा जे करून गेली ते झालं नसतं. बाहेर आल्यावर तिघांनी शाळेसमोरच्या ठेल्यावर पोहे खाल्ले, वहिनीने जिरावन मसाला इतका घालून घेतला की डोळ्यांत पाणी.

शाळा एक निकाल नक्की काढते, हिजाबचा. तयारी असू द्या. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने शाळेला युनिफॉर्म ठरवायचा अधिकार मान्य केला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या दोन न्यायाधीशांचं त्यावर एकमत झालं नाही. तुम्ही म्हणायचं, युनिफॉर्म मुलगा दुपारी दोनला घरी येऊन काढून ठेवतो, कापलेले केस तो घरी आल्यावर परत लावू शकत नाही. शाळेचा नियम त्याच्याबरोबर घरी येतो, रविवारी राहतो, उन्हाळ्याच्या सुट्टीतही राहतो. मला स्वतःला हा मुद्दा सगळ्यात पटतो.

आणि तुमच्या बाजूने द्यायचाच असेल तर १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल द्या. केरळची तीन भावंडं, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मामुळे गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढली होती. सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं, आणि म्हटलं की ज्या सर्क्युलरच्या मागे कायदा नाही त्याने मूलभूत हक्क कापता येत नाही. नवस किंवा परंपरेचं कारण असेल तर दक्षिण आफ्रिकेचा २००७ चा पिल्ले निकालही वाचण्यासारखा आहे, डर्बनच्या एका तमिळ मुलीच्या नाकातल्या चमकीवरून शाळेने अडवलं होतं, तिथल्या संविधान कोर्टाने सांगितलं की चमकी धर्माने सक्तीची नसली तरी ती तिच्या संस्कृतीचा भाग आहे, शाळेने सूट द्यायला हवी होती. आपल्याकडे हमखास विचारतात ना, ‘शास्त्रात लिहिलंय का?’, त्यासाठी.

जिथे पंगा घेऊ नये

मुलाला एनसीसीत जायचं असेल तर तिथले केस कापावेच लागतील, ती वेगळी वर्दी आहे, शिखांना सूट आहे बाकीच्यांना नाही, ते भांडण यात मिसळू नका. पीटी सरांवर वैयक्तिक जाऊ नका, ते बहुतेक वेळा वरून सांगितलेलं करतात. पेरेंट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही टाकू नका. आमच्याकडे वहिनीने दुसऱ्याच दिवशी टाकली होती, तासाभरात चाळीस मेसेज, त्यातले तीस शाळेच्या बाजूने, आणि स्क्रीनशॉट प्रिन्सिपलकडे आमच्या पत्राच्या आधी पोचला. पोराचा फोटो इंस्टाग्रामवर टाकून न्याय मागणं तर अजिबात नको, केस वाढतात आणि कापले जातात, तो फोटो राहतो.

मीटिंगने झालं नाही तर

पंधरा दिवस वाट बघा, मग दुसरं पत्र, यात कलमं टाका आणि मॅनेजमेंटला पाठवा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आरटीईखाली शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, तिथे विषय मांडा.

त्याच्या वर जिल्हा शिक्षणाधिकारी. आरटीईच्या कलम ३२ खाली तक्रार दिली तर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. सीबीएसई शाळा असेल तर बोर्डाचं रीजनल ऑफिस भोपाळला आहे, तिथे आणि केंद्राच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर. कलेक्टर ऑफिस, मोती तबेला, इथे मंगळवारी जनसुनवाई असते, अर्जाच्या दोन कॉपी न्या, एकीवर पावती घ्या. १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार होते, नंबर जपून ठेवा आणि समाधान झालं नसेल तर तक्रार बंद करायला हो म्हणू नका. मुलाचा अपमान किंवा शिक्षा झाली असेल तर सगळ्यात नेमकी जागा म्हणजे राज्याचा बाल अधिकार संरक्षण आयोग, तोही भोपाळला, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे ई-बालनिदान पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. या सगळ्या ठिकाणी एकदम अर्ज फेकू नका. एक द्या, उत्तर येऊ द्या किंवा मुदत जाऊ द्या, मग पुढचा, मागच्याची कॉपी जोडून.

माहितीचा अधिकारही वापरा. सरकारी शाळेला थेट लावता येतो, खाजगी शाळेसाठी जिल्हा शिक्षण कार्यालयाला किंवा सीबीएसईला विचारायचं, की मुलांच्या केसांच्या लांबीबद्दल आपण काढलेला कुठलाही नियम, आदेश किंवा सर्क्युलर असेल तर त्याची प्रत द्या. दहा रुपये फी, तीस दिवस. आलेलं उत्तर त्या ‘ऊपर से ऑर्डर है’ वाल्या वाक्याच्या शेजारी ठेवायचं.

शाळेत कोणी जबरदस्तीने कात्री चालवली तर वरची पायरी-बियरी विसरा. त्याच दिवशी चारी बाजूंनी फोटो, मुलाच्या शब्दांत काय झालं ते लिहून तारीख घाला, संध्याकाळच्या आत प्रिन्सिपलला ईमेल, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, आणि आयोगाकडे तक्रार. पोलिसांत जायचं का हे वकिलाला विचारून, पण विचारा त्याच आठवड्यात. आणि मूल दोन दिवस शाळेत जायला तयार नसेल तर इथे मात्र जबरदस्ती नको, मघाशी म्हटलेली हजेरी गेली खड्ड्यात.

हायकोर्ट शेवटी. इंदौरला खंडपीठ एमजी रोडवरच आहे त्यामुळे हायकोर्टाचं मुख्य पीठ असलेल्या जबलपूरचे फेरे नाहीत, पण खाजगी शाळेविरुद्ध रिट, म्हणजे हक्कांसाठी थेट हायकोर्टात केलेली याचिका, चालते का यावरच पहिली लढाई होते, आणि तोवर मुलगा शाळा पास होऊन जातो. कोणी वकील पहिल्या भेटीत ‘पक्का जिंकू’ म्हणत असेल तर चहा पिऊन घरी या.

मिळाली परवानगी तर

तोंडी परवानगीवर घरी येऊ नका. आम्ही त्याच संध्याकाळी मॅडमना मेल केला, आजच्या भेटीत ठरल्याप्रमाणे मुलगा केस बांधून येईल आणि त्याला वर्गात बसू दिलं जाईल, कृपया पुष्टी करावी. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘नोटेड, सब्जेक्ट टू नीटनेस.’ त्याचा प्रिंट भाच्याच्या डायरीला आतून चिकटवलाय. पीटी सरांनी त्यानंतर दोनदा थांबवलं, दोनदा त्याने डायरी उघडून दाखवली. आपली बाजूही पाळायची असते, रबर तुटलं म्हणून एक दिवस मोकळे केस सोडून गेला की महिन्याभराचं पत्रव्यवहार वाया, म्हणून दप्तरात, कंपासपेटीत आणि वॉटरबॉटलच्या हँडलला एकेक जास्तीचं रबर अडकवलेलं असतं.

एप्रिलमध्ये नवी डायरी आली. अकरावा नियम बदललाय, आता ‘मुलांचे केस छोटे असावेत’ असं आहे. छोटे म्हणजे किती, ते नाही लिहिलं. भाचा आता नववीत, आरटीईचं छत्र गेलं, पण मागच्या वर्षीचा मेल आहे, रिसीव्हडचा स्टॅम्प आहे, वही आहे. नवं पत्र मी शनिवारी टाइप करून ठेवलंय, विषयाच्या ओळीत तोच जुना जावक नंबर टाकलाय आणि पहिला प्रश्नही तोच आहे, यावेळी फक्त ‘नीटनेटका’च्या जागी ‘छोटे’.